ब्रिटनच्या सुरुवातीच्या अणुचाचण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिरोशिमा, बिकिनी आणि नेवाडा यांविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. माँटेबेलो, एमू फील्ड, मरालिंगा आणि माल्डन बेट ही नावे मात्र अनेकांना अपरिचित वाटतात. ब्रिटनच्या अणुचाचण्यांविषयी वाचक जे प्रश्न सातत्याने पाठवतात ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, आणि एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ब्रिटनने पहिला अणुबॉम्ब कधी आणि कुठे फोडला? काही ठिकाणी २ ऑक्टोबर आणि काही ठिकाणी ३ ऑक्टोबर अशी तारीख का दिसते?

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून सुमारे १३० किलोमीटरवर असलेल्या माँटेबेलो बेटांपाशी ३ ऑक्टोबर १९५२ च्या सकाळी ही चाचणी झाली. तिचे सांकेतिक नाव 'हरिकेन' होते. स्फोटाची शक्ती सुमारे २५ किलोटन, म्हणजे २५ हजार टन टीएनटीएवढी होती. स्फोट झाला त्या क्षणी ग्रिनिचच्या वेळेनुसार २ ऑक्टोबरची मध्यरात्र उलटायला एक मिनिटही उरले नव्हते, म्हणून जागतिक वेळ पाळणाऱ्या याद्यांत २ ऑक्टोबर अशी नोंद आढळते. दोन्ही तारखा बरोबर आहेत. या स्फोटाने अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यानंतर ब्रिटन हे तिसरे अण्वस्त्रधारी राष्ट्र झाले.

२. एकूण चाचण्या किती? कुठे १२, कुठे २१, तर कुठे ४५ असा आकडा दिलेला असतो.

हे तिन्ही आकडे वेगवेगळ्या मोजणीचे आहेत. १९५२ ते १९५७ या काळात ऑस्ट्रेलियात १२ मोठे स्फोट झाले: माँटेबेलो येथे ३, एमू फील्ड येथे २ आणि मरालिंगा येथे ७. १९५७ आणि १९५८ मध्ये प्रशांत महासागरात ९ स्फोट झाले, त्यांपैकी ३ माल्डन बेटाजवळ आणि ६ ख्रिसमस बेटाच्या परिसरात. हे मिळून वातावरणातील २१ स्फोट होतात. त्यानंतर १९६२ ते १९९१ या काळात अमेरिकेच्या सहकार्याने नेवाडात जमिनीखाली २४ स्फोट करण्यात आले, आणि ते धरून एकूण संख्या ४५ होते. या कोणत्याही आकड्यात ऑस्ट्रेलियातील शेकडो 'किरकोळ' चाचण्या येत नाहीत. त्यांचा विचार प्रश्न ९ मध्ये केला आहे, आणि हे संपूर्ण पान वाचायला वेळ नसेल तर किमान तेवढा प्रश्न अवश्य वाचावा.

३. ब्रिटिश शास्त्रज्ञ अमेरिकेच्या मॅनहॅटन प्रकल्पात होतेच, मग ब्रिटनला स्वतंत्रपणे बॉम्ब बनवावा का लागला?

बॉम्ब प्रत्यक्षात शक्य आहे, हे गणिताने दाखवणारे पहिले टिपण ब्रिटनमध्येच लिहिले गेले. मार्च १९४० मध्ये बर्मिंगहॅम येथे ओटो फ्रिश आणि रुडॉल्फ पायर्ल्स या दोन निर्वासित शास्त्रज्ञांनी, युरेनियम-२३५ काही किलोग्रॅम मिळाले तरी अस्त्र होऊ शकेल, असे मांडले. ऑगस्ट १९४३ च्या क्वेबेक कराराने ब्रिटिश प्रयत्न अमेरिकी प्रकल्पात सामील झाला आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांचे पथक लॉस अलामोस या अमेरिकेच्या बॉम्बनिर्मिती केंद्रात गेले. युद्ध संपल्यावर हे सहकार्य चालू राहील अशी लंडनची अपेक्षा होती. मात्र १९४६ च्या मॅकमहॉन कायद्याने अमेरिकेने अण्वस्त्रांविषयीची माहिती मित्रराष्ट्रांनाही देणे बंद केले.

आराखडे मिळाले नाहीत, तरी माणसे परत आली होती. लॉस अलामोसमध्ये काम केलेले गणितज्ञ विल्यम पेनी यांच्याकडे ब्रिटिश बॉम्बची जबाबदारी आली. विंडस्केल येथे प्लुटोनियम तयार करणाऱ्या अणुभट्ट्या उभारल्या गेल्या आणि १९५० पासून ऑल्डरमास्टन हे अस्त्ररचनेचे केंद्र झाले. पहिला ब्रिटिश बॉम्ब नागासाकीच्या बॉम्बप्रमाणेच प्लुटोनियमचा गोळा आतल्या दिशेने दाबून फोडण्याच्या तत्त्वावर आधारलेला होता.

४. हा निर्णय ब्रिटिश संसदेने घेतला होता का?

नाही. जानेवारी १९४७ मध्ये पंतप्रधान क्लेमंट ॲटली यांनी मोजक्या मंत्र्यांच्या गुप्त समितीत हा निर्णय घेतला आणि तो संपूर्ण मंत्रिमंडळापुढेही ठेवला नाही. खर्चाच्या कारणावरून विरोध करू शकतील असे दोन ज्येष्ठ मंत्री, ह्यू डाल्टन आणि स्टॅफर्ड क्रिप्स, त्या बैठकीत नव्हते. परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी त्याआधी ऑक्टोबर १९४६ मध्येच, अमेरिकी मंत्री आपल्याशी जसे बोलले तसे यापुढे कोणी बोलू नये, आणि त्यासाठी बॉम्बवर ब्रिटनचा झेंडा असलाच पाहिजे, अशा आशयाची ठाम भूमिका घेतली होती. संसदेला ही गोष्ट १२ मे १९४८ रोजी, संरक्षणमंत्र्यांनी एका प्रश्नाला दिलेल्या त्रोटक उत्तरातून कळली. १९५१ मध्ये पुन्हा सत्तेवर आलेल्या चर्चिल यांना, या कामावर जवळजवळ १० कोटी पौंड संसदेच्या नकळत खर्च झाले आहेत, हे पाहून आश्चर्य वाटले. लोकशाही देशात एवढा मोठा निर्णय एवढ्या कमी माणसांनी घेतला, आणि पुढच्या बऱ्याच गोष्टींची मुळे या गुप्ततेत आहेत.

५. चाचण्यांसाठी ऑस्ट्रेलियाच का निवडला?

पहिली पसंती अमेरिकी चाचणीक्षेत्रांना होती, परंतु वॉशिंग्टनकडून समाधानकारक होकार मिळाला नाही. कॅनडातील जागांचाही विचार झाला होता. ब्रिटनमध्ये वस्तीपासून पुरेशी दूर जागा नव्हती. सप्टेंबर १९५० मध्ये ॲटली यांनी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान रॉबर्ट मेंझिस यांना संदेश पाठवला, आणि मेंझिस यांनी आपल्या मंत्रिमंडळाशी चर्चा न करता काही दिवसांतच तत्त्वतः संमती कळवली. राष्ट्रकुलावरची निष्ठा आणि ब्रिटनकडून अणुतंत्रज्ञान मिळण्याची आशा ही दोन्ही कारणे त्यामागे होती. अस्त्ररचनेची माहिती मात्र ऑस्ट्रेलियाला जवळजवळ मिळालीच नाही.

६. पहिला बॉम्ब विमानातून न टाकता जहाजात ठेवून का फोडला?

शत्रूने व्यापारी जहाजात बॉम्ब लपवून लंडन किंवा लिव्हरपूलच्या बंदरात आणला तर काय होईल, ही भीती तेव्हा ब्रिटिश संरक्षण खात्याला सतावत होती. त्याचे उत्तर मिळावे म्हणून 'एचएमएस प्लिम' ही युद्धकाळातली फ्रिगेट ट्रिमुइल बेटाजवळ उथळ पाण्यात नांगरण्यात आली आणि बॉम्ब तिच्या आत, पाण्याच्या पातळीपासून सुमारे पावणेतीन मीटर खाली ठेवण्यात आला. स्फोटात जहाजाचा बहुतेक भाग वाफ होऊन गेला. उरलेले लालबुंद तुकडे बेटावर पडून गवताला आगी लागल्या. समुद्राच्या तळाशी सुमारे ६ मीटर खोल आणि ३०० मीटर रुंद खड्डा पडला. पाणी आणि तळाचा गाळ मिसळल्यामुळे ढग नेहमीच्या छत्रीच्या आकाराचा न होता वेडावाकडा झाला, आणि किरणोत्सारी चिखल बेटांवर पसरला. याच बेटांवर १९५६ मध्ये 'मोझेक' मालिकेचे आणखी दोन स्फोट झाले.

७. एमू फील्डचे 'काळे धुके' ही दंतकथा आहे की खरी घटना?

ती खरी घटना आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील एमू फील्ड येथे 'टोटेम' मालिकेचा पहिला, सुमारे १० किलोटनांचा स्फोट १५ ऑक्टोबर १९५३ रोजी झाला. त्यानंतर सुमारे १७० किलोमीटरवरच्या वॉलाटिना परिसरात राहणाऱ्या आदिवासी कुटुंबांवरून तेलकट, काळसर धुके जमिनीलगत सरकत गेले. लोकांना उलट्या, पुरळ आणि डोळ्यांचे विकार झाल्याच्या साक्षी तेथील लोकांनी दिल्या. त्यावेळी लहान असलेले यामी लेस्टर पुढे पूर्णपणे अंध झाले, आणि त्यांनीच १९८० च्या दशकात हा विषय ऑस्ट्रेलियाभर पोहोचवला.

अधिकाऱ्यांनी ही हकिकत अनेक वर्षे उडवून लावली. न्यायमूर्ती जेम्स मॅक्लेलंड यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने (सरकारी चौकशी आयोगाने) १९८५ च्या अहवालात धुके आल्याचे मान्य केले. ज्या वाऱ्यांत स्फोट केला त्यांत धोकादायक प्रमाणात किरणोत्सारी धूळ पडेल असे आधीच्याच अभ्यासात दिसले होते, आणि वॉलाटिनाच्या लोकांचा विचारच झाला नव्हता, असाही निष्कर्ष आयोगाने काढला. लेस्टर यांचे अंधत्व या धुक्यामुळेच आले की नाही, हे मात्र वैद्यकीय पुराव्याने सिद्ध किंवा असिद्ध करता आले नाही. 'धुके आले' आणि 'धुक्यामुळे अमुक आजार झाला' ही दोन विधाने वेगळी ठेवावीत. पहिल्याविषयी आता वाद राहिलेला नाही.

८. मरालिंगा परिसर निर्मनुष्य होता, असे अनेक जुन्या लेखांत लिहिलेले असते. ते बरोबर आहे का?

बरोबर नाही. जुन्या लेखनातील सर्वांत अन्यायकारक विधान हेच आहे. हा प्रदेश अनांगू या आदिवासी लोकांचा होता. पाण्याच्या जागा, विधींची स्थळे आणि नातेवाइकांकडे जाण्या-येण्याच्या वाटा यांनी तो विणलेला होता. ऊल्डीया येथील मिशन १९५२ मध्ये बंद झाले आणि तेथील लोकांना दक्षिणेला, किनाऱ्याजवळच्या यलाटा येथे हलवण्यात आले. ज्या वाटांनी ते उत्तरेकडच्या आपल्या माणसांना भेटायला जात, त्या वाटा आता चाचणीक्षेत्राने अडवल्या.

लोकांना क्षेत्राबाहेर ठेवण्याचे काम प्रामुख्याने वॉल्टर मॅकडूगल या गस्त अधिकाऱ्यावर सोपवले होते, आणि १९५६ पासून त्यांच्या मदतीला आणखी एक अधिकारी आला. लाखो चौरस किलोमीटरच्या वाळवंटासाठी दोन माणसे. मॅकडूगल यांनी आदिवासींच्या बाजूने आवाज उठवला, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या पुरवठा विभागाचे प्रमुख शास्त्रज्ञ ॲलन ब्यूटमेंट यांनी, हा अधिकारी मूठभर आदिवासींचे प्रश्न ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या हितापेक्षा वर ठेवतो आहे, अशी लेखी तक्रार केली. त्या काळच्या मनोवृत्तीचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

मे १९५७ मध्ये, 'मार्कू' या स्फोटाच्या खड्ड्याजवळ पती, पत्नी आणि दोन मुले असे एक आदिवासी कुटुंब मुक्काम करताना सैनिकांना आढळले. ते उत्तरेकडून, नेहमीच्या वाटेने चालत आले होते. धोक्याच्या पाट्या त्यांना वाचता येणे शक्य नव्हते, कारण त्या इंग्रजीत होत्या. सैनिकांनी मापकाने तपासून त्यांना आंघोळ घातली, त्यांचे कुत्रे गोळ्या घालून मारले आणि त्यांना यलाटाला नेऊन सोडले. ती स्त्री गरोदर होती आणि तिचे मूल मृत जन्मले, अशी साक्ष पुढे आयोगापुढे झाली. हे पाहणाऱ्या सैनिकांना याविषयी कोठेही बोलू नये, अशी ताकीद देण्यात आली होती. चाचणीक्षेत्रात कोणीच नव्हते असे सांगणाऱ्यांनी या एका घटनेचे उत्तर द्यावे.

९. 'किरकोळ चाचण्या' म्हणजे काय? त्या किरकोळ होत्या, तर त्यांची एवढी चर्चा का?

१९५३ ते १९६३ या काळात एमू फील्ड आणि मरालिंगा येथे असे शेकडो प्रयोग झाले, ज्यांत बॉम्बचे सुटे भाग, सुरुंगी स्फोटके आणि किरणोत्सारी पदार्थ वापरले जात, परंतु अणुस्फोट होऊ दिला जात नसे. 'किटन्स' या गटात स्फोटाची साखळी सुरू करून देणाऱ्या पोलोनियम-बेरिलियमच्या भागांची तपासणी होई. 'टिम्स' आणि 'रॅट्स' या गटांत स्फोटकांचा दाब धातूंवर कसा पडतो हे पाहिले जाई. 'व्हिक्सन' गटाचा प्रश्न वेगळा होता: अण्वस्त्र घेऊन जाणारे विमान कोसळले, पेटले किंवा बॉम्बमधील स्फोटके चुकून उडाली, तर काय होईल?

त्यांपैकी 'व्हिक्सन बी' हे प्रयोग १९६० ते १९६३ या काळात मरालिंगाच्या तारानाकी या जागेवर झाले. पोलादी चौथऱ्यांवर प्लुटोनियम असलेली उपकरणे ठेवून ती स्फोटकांनी उडवली गेली. वितळलेल्या प्लुटोनियमचा झोत शेकडो मीटर उंच उडाला आणि वाऱ्याबरोबर लांबवर पसरला. एकूण सुमारे २२ किलोग्रॅम प्लुटोनियम अशा रीतीने त्या जमिनीवर विखुरले गेले.

येथे एक भौतिक गोष्ट समजून घेतली पाहिजे. अणुस्फोटातून निघणाऱ्या बहुतेक किरणोत्सारी द्रव्यांचा क्षय तास, दिवस किंवा काही दशकांत होतो. प्लुटोनियम-२३९ चा अर्धायुकाल, म्हणजे त्याचा निम्मा भाग क्षय पावण्यास लागणारा काळ, सुमारे २४,१०० वर्षे आहे, आणि त्याचे सूक्ष्म कण श्वासावाटे फुप्फुसात गेले तर ते तेथे दीर्घकाळ राहतात. म्हणून सात प्रचंड ढगांपेक्षा या 'किरकोळ' प्रयोगांनीच मरालिंगाची जमीन अधिक काळासाठी नासवली. आमच्या मते ब्रिटिश चाचण्यांच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट हीच आहे.

१९५८ पासून मोठ्या चाचण्यांना स्थगिती असताना आणि जिनिव्हात वाटाघाटी चालू असताना हे प्रयोग थांबले नाहीत. उलट त्यांचे नाव बदलून 'मरालिंगा प्रायोगिक कार्यक्रम' असे निरुपद्रवी नाव देण्यात आले. ऑस्ट्रेलियाच्या सुरक्षा समितीलाही त्यांचे पूर्ण तपशील दिले जात नसत. साफसफाईचे पुढे काय झाले, ते प्रश्न १६ मध्ये आहे.

१०. ऑस्ट्रेलियात हायड्रोजन बॉम्बची चाचणी झाली होती का?

नाही. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर हायड्रोजन बॉम्ब फोडायचा नाही, असे दोन्ही सरकारांत ठरले होते. तरीही येथे एक अपवाद सांगायला हवा. १९५६ च्या 'मोझेक' मालिकेतील उपकरणांत लिथियम ड्यूटेराइड हे संमीलनाचे (हलकी अणुकेंद्रके जोडून ऊर्जा देणारे) इंधन थोड्या प्रमाणात वापरले होते, कारण ती मालिकाच हायड्रोजन बॉम्बच्या तयारीसाठी होती. १९ जून १९५६ चा तिचा दुसरा स्फोट अधिकृत आकड्यानुसार ६० किलोटनांचा होता आणि ऑस्ट्रेलियातील सर्वांत मोठा स्फोट तोच. तो ९८ किलोटनांचा होता, असा दावा १९८० च्या दशकात पुढे आला. ब्रिटिश सरकारने मात्र ६० हाच आकडा कायम ठेवला आहे.

११. १९५७ मधील पहिल्या 'हायड्रोजन बॉम्ब' चाचण्या बनावट होत्या, हे खरे आहे का?

'बनावट' हा शब्द योग्य नाही, पण त्या फसल्या होत्या आणि जगाला तसे सांगितले गेले नाही. 'ग्रॅपल' मालिकेत १५ मे १९५७ रोजी माल्डन बेटाजवळ व्हॅलियंट विमानातून टाकलेला 'शॉर्ट ग्रॅनाइट' मेगाटनाच्या (१,००० किलोटनांच्या) जवळ जाईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याची शक्ती सुमारे ३०० किलोटन भरली. ३१ मे रोजीचा 'ऑरेंज हेराल्ड' सुमारे ७२० किलोटनांचा होता. तो मुख्यतः विखंडनाचा (जड अणुकेंद्रके फोडून ऊर्जा मिळवणारा), म्हणजे फार मोठा अणुबॉम्ब होता. १९ जूनचा तिसरा प्रयत्न पहिल्याहूनही कमजोर ठरला. वर्तमानपत्रांत मात्र ब्रिटनकडे हायड्रोजन बॉम्ब आल्याच्या बातम्या छापून आल्या, आणि सरकारने तो समज दूर केला नाही.

खरे यश ८ नोव्हेंबर १९५७ रोजी 'ग्रॅपल एक्स' या स्फोटात मिळाले. त्याची शक्ती सुमारे १.८ मेगाटन, अपेक्षेपेक्षा बरीच जास्त होती. २८ एप्रिल १९५८ चा 'ग्रॅपल वाय' हा सुमारे ३ मेगाटनांचा स्फोट ब्रिटनने केलेला आजवरचा सर्वांत मोठा स्फोट आहे.

१२. हे ख्रिसमस बेट नेमके कोणते? नकाशावर दोन दिसतात.

चाचण्या झाल्या ते प्रशांत महासागरातील बेट आज किरिबाती देशात आहे आणि त्याचे अधिकृत नाव किरितिमाती आहे. हिंदी महासागरातील, लाल खेकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटाचा या इतिहासाशी संबंध नाही. किरितिमातीवर तेव्हा नारळाच्या बागांत काम करणारी गिल्बर्ट बेटांवरची कुटुंबे राहत होती. काही स्फोटांच्या वेळी त्यांना जहाजांवर नेऊन ठेवले जाई.

१३. चाचण्यांत भाग घेतलेल्या सैनिकांना संरक्षण होते का, आणि त्यांना नुकसानभरपाई मिळाली का?

सुमारे २२ हजार ब्रिटिश सैनिक आणि कर्मचारी, सुमारे १६ हजार ऑस्ट्रेलियन, तसेच न्यूझीलंड आणि फिजीचे सैनिक या चाचण्यांशी संबंधित होते. ढगातून नमुने गोळा करणारी विमाने चालवणारे किंवा स्फोटाच्या जागी लगेच जाणारे लोक यांना विशेष पोशाख आणि मापक पट्ट्या मिळत. बाकी बहुतेकांना काहीच मिळत नसे. ख्रिसमस बेटावर साध्या शर्ट-चड्डीत, स्फोटाकडे पाठ करून वाळूत बसवल्याचे आणि मिटलेल्या डोळ्यांवर ठेवलेल्या हातांची हाडे प्रकाशात दिसल्याचे अनेक माजी सैनिकांनी सांगितले आहे.

ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासांत एकूण कर्करोगाचे प्रमाण तुलनेच्या गटाइतकेच आढळले, रक्ताच्या कर्करोगात मात्र थोडी वाढ दिसली. ऑस्ट्रेलियाच्या २००६ च्या अभ्यासात तेथील सहभागींत कर्करोगाचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा २३ टक्के जास्त आढळले, परंतु किरणोत्साराच्या मात्रेशी त्याचा संबंध लागला नाही. मात्रा मोजलीच गेली नव्हती अशांची संख्या मोठी होती, हे लक्षात घेऊनच हे निष्कर्ष वाचावेत.

ब्रिटिश माजी सैनिकांचा सामुदायिक दावा मार्च २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी, मुख्यतः मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळला. फिजीच्या सरकारने २०१५ मध्ये आपल्या हयात सैनिकांना स्वतःच मदत दिली. ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये सहभागींना संपूर्ण वैद्यकीय सवलत जाहीर केली. ब्रिटनने नोव्हेंबर २०२२ मध्ये, पहिल्या स्फोटानंतर ७० वर्षांनी, पदक जाहीर केले. तोपर्यंत बहुतेक जण हयात नव्हते.

१४. किरणोत्सारी धूळ शहरांपर्यंत पोहोचली होती का?

होय. जीवरसायनशास्त्रज्ञ हेडली मार्स्टन यांनी मेंढ्या आणि गुरांच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथींत साठणारे किरणोत्सारी आयोडीन मोजले, आणि ११ ऑक्टोबर १९५६ च्या मरालिंगा स्फोटानंतर ॲडलेडच्या हवेतही वाढलेला किरणोत्सार नोंदवला. सुरक्षा समितीने, विशेषतः अर्नेस्ट टिटरटन यांनी, त्यांच्या निष्कर्षांना विरोध केला. पुढे रॉयल कमिशनने टिटरटन यांच्यावर कठोर टीका केली. याच काळात, १९५७ पासून, ऑस्ट्रेलियातील रुग्णालयांत मृतांच्या हाडांचे नमुने स्ट्रॉन्शियम-९० हा हाडांत साठणारा किरणोत्सारी पदार्थ मोजण्यासाठी गोळा करण्यास सुरुवात झाली. १९७८ पर्यंत ही संख्या सुमारे २२ हजार झाली. त्यांत बालकांचे नमुने बरेच होते आणि बहुतेक आईवडिलांना विचारलेही गेले नाही.

१५. ऑक्टोबर १९५७ च्या विंडस्केल आगीचा चाचण्यांशी संबंध होता का?

थेट नव्हता, पण कामाच्या घाईचा होता. विंडस्केलच्या अणुभट्ट्यांत बॉम्बसाठी प्लुटोनियम, तसेच हायड्रोजन बॉम्बच्या कार्यक्रमासाठी ट्रिटियम तयार केले जात होते, आणि त्यासाठी भट्टीत मूळ रचनेत नसलेले पदार्थ घातले गेले होते. मरालिंगातील शेवटचा मोठा स्फोट ९ ऑक्टोबरला झाला आणि १० ऑक्टोबरला भट्टी पेटल्याचे लक्षात आले. चौकशीचे प्रमुखपद विल्यम पेनी यांच्याकडेच देण्यात आले.

१६. मरालिंगाची साफसफाई झाली का? आज तेथे जाता येते का?

साफसफाई एकदा झाल्याचे सांगितले गेले आणि नंतर पुन्हा करावी लागली. १९६७ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या पथकाने दूषित माती नांगरून खालच्या मातीत मिसळली आणि कचऱ्याच्या खड्ड्यांवर काँक्रीटची झाकणे बसवली. त्या कामाच्या अहवालावर विसंबून ऑस्ट्रेलियाने १९६८ मध्ये ब्रिटनला जबाबदारीतून मुक्त केले. तारानाकीच्या खड्ड्यांत सुमारे २० किलोग्रॅम प्लुटोनियम पुरल्याचे या अहवालात म्हटले होते. १९८४ नंतरच्या मोजणीत मात्र त्यातले बहुतेक प्लुटोनियम खड्ड्यांत नसून जमिनीच्या पृष्ठभागावर, बोटांनी उचलता येईल अशा तुकड्यांच्या आणि धुळीच्या रूपात पडलेले आढळले.

रॉयल कमिशनच्या शिफारशीनंतर ब्रिटनने १९९३ मध्ये २ कोटी पौंड देण्याचे मान्य केले, आणि १९९४ मध्ये जमिनीच्या मूळ मालकांना ऑस्ट्रेलियाकडून १ कोटी ३५ लाख डॉलरची भरपाई मिळाली. १९९६ ते २००० या काळात १० कोटी ८० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चून वरची माती खरवडून खोल चरांत पुरण्यात आली. काही खड्ड्यांतील कचरा विजेने वितळवून काचेसारखा घट्ट करण्याचा उपाय १९९९ मध्ये एका स्फोटानंतर सोडून दिला गेला, आणि उरलेला कचरा तसाच पुरला. या निर्णयावर आजही टीका होते, आणि आमच्या मते ती योग्य आहे.

चाचणीक्षेत्राचा मुख्य भाग डिसेंबर २००९ मध्ये मरालिंगा त्जारुत्जा समुदायाकडे परत आला. समुदायाच्या परवानगीने आणि मार्गदर्शकाबरोबर आज तेथे जाता येते. काही भागांत कायमची वस्ती करण्यास मनाई आहे.

१७. बॉम्ब हवाई दलाकडे १९५३ मध्येच आला, मग विमानातून टाकून त्याची चाचणी १९५६ मध्ये का झाली?

'ब्लू डॅन्यूब' हा पहिला ब्रिटिश अणुबॉम्ब नोव्हेंबर १९५३ मध्ये विटरिंगच्या हवाई तळावर पोहोचला. तो वाहून नेणारी व्हॅलियंट विमाने तेव्हा सेवेतच आली नव्हती. विमानातून टाकलेला पहिला ब्रिटिश अणुबॉम्ब ११ ऑक्टोबर १९५६ रोजी मरालिंगा येथे फुटला. दरम्यानच्या काळात ब्रिटनचे अणुसामर्थ्य बऱ्याच अंशी कागदावरचे होते.

१८. या सर्वांचा भारताशी काही संबंध होता का?

चाचण्यांत भारताचा सहभाग नव्हता. अमेरिकेच्या बिकिनी येथील १ मार्च १९५४ च्या प्रचंड स्फोटानंतर पंडित नेहरूंनी २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत, सर्व राष्ट्रांनी चाचण्या थांबवाव्यात असा प्रस्ताव मांडला होता, आणि तो ब्रिटनलाही लागू होता. दुसरा धागा मुंबईतला आहे. तुर्भे येथील 'अप्सरा' ही भारताची पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली तेव्हा तिचे समृद्ध युरेनियमचे इंधन ब्रिटनने पुरवले होते. माँटेबेलोचा मोठा स्फोट त्याआधी जूनमध्ये झाला होता आणि मरालिंगाचा पहिला त्यानंतर सप्टेंबरमध्ये. शांततेसाठीचे सहकार्य आणि अस्त्रांचा कार्यक्रम ब्रिटनच्या एकाच अणुव्यवस्थेतून चालत होते.

१९. वातावरणातील चाचण्या का थांबल्या?

दोन कारणांनी. हायड्रोजन बॉम्ब सिद्ध झाल्यावर ३ जुलै १९५८ च्या कराराने अमेरिकेने ब्रिटनशी अण्वस्त्रसहकार्य पुन्हा सुरू केले, त्यामुळे स्वतंत्र चाचणीक्षेत्राची गरज कमी झाली. आणि १९५८ च्या अखेरीस तिन्ही राष्ट्रांनी चाचण्या स्थगित केल्या. ५ ऑगस्ट १९६३ च्या अंशतः चाचणीबंदी कराराने वातावरणातील, समुद्रातील आणि अवकाशातील स्फोट वर्ज्य ठरले. मरालिंगातील प्रयोगही त्याच वर्षी संपले.

२०. या विषयाची मूळ कागदपत्रे पाहता येतात का?

बरीच पाहता येतात, पण सर्व नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अनेक वर्षे खुल्या असलेल्या अणुविषयक फायली डिसेंबर २०१८ मध्ये अचानक वाचकांसाठी बंद करण्यात आल्या. त्यांपैकी काही नंतर परत आल्या. आपल्या किंवा आपल्या वडिलांच्या रक्त-लघवी तपासणीच्या नोंदी मिळाव्यात, ही माजी सैनिकांची आणि त्यांच्या मुलांची मुख्य मागणी आजही चालू आहे. मॅक्लेलंड आयोगाचा १९८५ चा अहवाल मात्र पूर्ण खुला आहे. ज्यांना एकच दस्तऐवज वाचायचा असेल त्यांनी तोच वाचावा, आणि त्यातही आदिवासी साक्षीदारांच्या जबान्यांपासून सुरुवात करावी.